ब्लॅक पॉइंट, मेरिट आयलंड : प्रक्षेपणतळाशेजारची सात मैलांची वाट

फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्र पाहायला गेलेली बहुतेक कुटुंबे रॉकेट पाहून माघारी फिरतात. टायटसव्हिलचा पूल ओलांडल्यावर लागणारे मेरिट आयलंड राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य त्यांच्या यादीत नसते, याचे मला फार वाईट वाटते. मागच्या डिसेंबरात मुलीकडे मुक्काम असताना आम्ही तेथील ब्लॅक पॉइंट या सात मैलांच्या एकेरी मोटार-मार्गावर दोन सकाळी घालवल्या. मोटारीमागे दहा डॉलर शुल्क आहे आणि ते मला मुळीच जास्त वाटले नाही.

पक्षी तर अगदी रस्त्याकडेला दिसतात. गुलाबी चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी), बगळे आणि अ‍ॅलिगेटर मगरी यांच्या जोडीला आपल्याकडे हिवाळ्यात जलाशयांवर उतरणारी तलवार बदके आणि थापट्या तेथेही दिसले, तेव्हा परमुलखात गाववाले भेटल्यासारखे वाटले. घाई नसेल तर मार्गाला दोन तास द्यावेत.

येथील जमीन नासाची आहे. चंद्रमोहिमांसाठी संपादित केलेल्या या विस्तीर्ण पट्ट्याचा थोडाच भाग प्रत्यक्ष प्रक्षेपणासाठी लागतो, म्हणून १९६३ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेशी करार होऊन सुमारे १,४०,००० एकरांचे अभयारण्य उभे राहिले. मात्र कुंपण घालून माणसांना दूर ठेवले की निसर्ग आपोआप सावरतो, अशी समजूत करून घेऊन कोणी येथे येऊ नये. ज्या बांधांवरून आपली मोटार चालते, ते डासांचा बंदोबस्त करण्यासाठी घातलेले आहेत. त्या बांधांमुळे खाऱ्या दलदलीत पाणी कोंडले गेले आणि डस्की सीसाइड स्पॅरो या छोट्या, काळपट चिमणीची घरटी बांधण्याची जागाच गेली. तिच्यातला शेवटचा नर १९८७ मध्ये बंदिवासात मेला. त्या चिमणीचे नाव मनात ठेवून हा मार्ग पाहावा, असे मला मनापासून वाटते. एरवी समोरचे देखणे पाणी पाहून ती आठवणार नाही.

स्क्रब-जे या निळ्या-करड्या पक्ष्याच्या बाबतीत तसे होऊ नये म्हणून चाललेले काम पाहायचे असेल, तर जवळच्या स्क्रब रिज पायवाटेवर जावे. हा पक्षी जगात केवळ फ्लोरिडात आढळतो. त्याला माणसापेक्षा बुटकी ओकची झुडपे आणि मधूनमधून उघडी वाळू लागते, कारण ओकची फळे तो वाळूत पुरून ठेवतो. झुडपे उंच वाढली की तो ती जागा सोडतो. पूर्वी विजेने लागणारे वणवे ही उंची आवरत असत. आता अभयारण्याचे कर्मचारी ठरवून, आखून आग लावतात. अडचण अशी की, धुरामुळे प्रक्षेपणासाठी सज्ज होत असलेल्या नाजूक उपग्रहांना आणि उपकरणांना धोका पोहोचू शकतो. त्यामुळे वारा, आर्द्रता आणि मोहिमांचे वेळापत्रक या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच जाळ करता येतो. प्रक्षेपणांची संख्या वाढत असताना जाळासाठीचे दिवस कमी पडू नयेत, ही माझी या जागेविषयीची सर्वांत मोठी काळजी आहे. किनाऱ्यावरही हीच कसरत आहे: कासवांची पिल्ले उजेडाच्या दिशेने भरकटतात, म्हणून तळावरील दिव्यांवर निर्बंध असतात.

एक तक्रार नोंदवतो. पायवाटेवर एका खासगी सहलवाल्याचा मार्गदर्शक पर्यटकांना स्क्रब-जेपुढे शेंगदाणे धरायला सांगत होता. हा पक्षी न घाबरता हातावर येऊन बसतो, परंतु त्याला खाऊ घालणे बेकायदा आहे. आयते अन्न मिळणारी जोडपी विणीला लवकर लागतात आणि पिल्ले बाहेर येतात तेव्हा त्यांना हव्या असलेल्या अळ्या अजून पुरेशा नसतात. अशी सहल घेतली असेल तर मार्गदर्शकाला तिथल्या तिथे थांबवावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सूर्योदयालाच पोहोचावे, दुर्बीण आणि डासांचे मलम बरोबर असावे. प्रक्षेपणाच्या वेळी काही रस्ते आणि प्लायालिंडा किनारा बंद ठेवला जातो, म्हणून निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहावे. परतताना हॉलओव्हर कालव्यावरील सज्ज्यावर अर्धा तास थांबा. आम्हाला दुसऱ्या दिवशी तेथे मॅनाटीची (समुद्रगायीची) एक मादी पिल्लासह दिसली.