कचऱ्याचा दंड: जागेवर की कोर्टात?

सांगलीच्या विश्रामबागमधल्या आमच्या सोसायटीचे अध्यक्ष पेचात आहेत: कचऱ्याच्या उपविधीत (म्हणजे महापालिकेच्या स्थानिक नियमांत) बदलासाठी महापालिकेला निवेदन द्यायचं, तर जागेवरचा दंड मागावा की खटला?

वेळ: जागेवरच्या दंडाची पावती पाच मिनिटांत फाटते, खटल्याला तारखा पडतात.

कष्ट: खटल्यात स्वच्छता निरीक्षकाला साक्षीला जावं लागतं आणि त्या दिवशी प्रभागाकडे बघायला कुणी नसतं. मला हा मुद्दा सर्वांत मोठा वाटतो. 2016 च्या घनकचरा नियमांनीही जागेवरच्या दंडाची तरतूद उपविधीत करायला सांगितली होती.

धाक मात्र खटल्याचाच. राज्याच्या 2018 च्या प्लास्टिकबंदीत पहिल्यांदा 5,000 रुपये, तिसऱ्यांदा 25,000 आणि 3 महिने कैद. ही चढती पायरी उचलावी.

कोपऱ्यावर पिशवी टाकणाऱ्या घराला पावती पुरे. रात्री कृष्णाकाठी ट्रॉलीने राडारोडा ओतणाऱ्यावर खटलाच हवा.