खुळखुळणारा चेंडू : सगळ्या पोरांच्या गटासाठी घ्यावा का?

अंधांच्या क्रिकेटचा पांढरा, टणक प्लॅस्टिकचा, पोटात छर्रे भरलेला चेंडू. संध्याकाळी मैदानावर जमणाऱ्या गटात दोन-तीन न दिसणारी किंवा कमी दिसणारी मुलं आली की पहिला विचार याचाच होतो. पाचपैकी साडेतीन तारे. दीड का कापले ते पुढे येईलच, पण निम्मा दोष चेंडूचा नाही, तो वापरणाऱ्यांचा आहे.

आधी चेंडूचं. १९२२ साली मेलबर्नच्या कारखान्यातल्या अंध कामगारांनी डब्यात खडे भरून हा खेळ सुरू केला. आजचा चेंडू त्याचाच सुधारलेला भाऊ. जमिनीवरून घरंगळताना मस्त खुळखुळतो. मात्र दोन वेळा गप्प होतो: हवेत असताना जवळजवळ, आणि थांबल्यावर पूर्ण. या खेळाचे बहुतेक नियम याच दोन शांततांभोवती बेतलेले आहेत. म्हणून गोलंदाजी खालून, आणि टप्पा खेळपट्टीच्या मध्याच्या अलीकडे. गोलंदाज ‘रेडी?’ विचारतो, फलंदाज ‘यस’ म्हणतो, मग ‘प्ले’ची हाक आणि चेंडू सुटतो. टेनिस चेंडूची सवय असलेली पोरं हात वरून फिरवतात, चेंडू मुका येतो आणि समोरचा पोरगा हवेत बॅट फिरवून ओशाळतो. पहिला आठवडा फक्त खालून सरपटी टाकायचा सराव घ्या. मॅच नको.

घेताना कानाशी हलवून बघू नका, तसा कुठलाही चेंडू छान वाजतो. फरशीवर हळू घरंगळू द्या आणि दहा पावलांवर पाठ करून उभे राहा. शेवटच्या हातभर अंतरात आवाज ऐकू आला तर घ्या. जोडावरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथेच तो उलणार. उलला की छर्रे बाहेर, आणि मैदानावर ताईबरोबर आलेलं दोन वर्षांचं पोर ते तोंडात घालणार. पावसात भिजला की आत पाणी शिरून छर्रे गंजतात, खुळखुळ जाऊन खरखर राहते. एक तारा इथे गेला. दोन घ्या, एक राखीव.

जमीन चेंडूइतकीच महत्त्वाची. हिरवळ आवाज पिऊन टाकते. झाडलेला, चोपलेला मुरूम उत्तम. क्रीजवर फक्की मारून न दिसणाऱ्याला काय उपयोग? काथ्याची दोरी अर्धी जमिनीत पुरा, पायाला कळते आणि ठेच लागत नाही. स्टंप धातूच्या नळीचे, भडक रंगाचे. हात लावला की दिशा कळते, चेंडू लागला की वाजतात, कमी दिसणाऱ्याला रंगही ओळखू येतो. मुख्य फटका स्वीप, बॅट जमिनीलगत आडवी. मुरमावर गुडघे सोलतात, तेव्हा बॅटच्या आधी गुडघ्याचे पॅड घ्या. गणपतीच्या आधी शेजारी ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला की चेंडू पिशवीत टाकायचा आणि दुसरा खेळ काढायचा. त्या आवाजात हट्टाने खेळवणं म्हणजे न दिसणाऱ्या पोराला नुसतं उभं करणं.

आता खरा मुद्दा. आपल्याकडे जमत नसलेल्या पोराला ‘कच्चा लिंबू’ करायची जुनी रीत आहे: डाव मिळतो, पण तो धरला जात नाही. चेंडू आणून हीच रीत चालू ठेवली तर पैसे वाया. अंधांच्या क्रिकेटमध्ये पूर्ण अंध खेळाडूची प्रत्येक धाव दुप्पट मोजतात, आणि त्याने एका टप्प्यानंतर धरलेला झेलही झेलच. ही सवलत वाटते, पण तिच्यामुळेच कप्तान त्याला आधी फलंदाजीला पाठवतो. गटात हे दोन नियम जसेच्या तसे घ्या.

डोळस मुलांनाही पट्टी बांधून एकेक षटक खेळवा. ओढणी सरकते आणि खालून डोकावता येतं; काळ्या कापडाची दुहेरी पट्टी, मागे इलॅस्टिक. प्रत्येकाची वेगळी, नाव घालून. एकच पट्टी फिरवली की पावसाळ्यात अख्ख्या गटाचे डोळे येतात.

बहिरं मूल असेल तर ‘प्ले’ नुसतं ओरडून भागत नाही. ‘यस’ म्हणताना फलंदाजाने बॅट उचलायची आणि ‘प्ले’ला पंचाने रंगीत रुमाल खाली आणायचा. गोंगाट सहन न होणारं, कानावर मफ लावणारं स्वमग्न मूलही याच रुमालावर खेळतं. एका खर्चात दोन कामं. व्हीलचेअरची पुढची लहान चाकं भुसभुशीत मातीत रुततात, म्हणून खेळपट्टीच्या टोकाला प्लायचा तुकडा टाका आणि त्या मुलाला गोलंदाजी द्या. खुर्चीतून खालून चेंडू सोडणं सहज जमतं. त्याला कायमचा स्कोअरर करून बसवणं हा आळस आहे. स्कोअर पाळीपाळीने सगळ्यांनी लिहावा.

कप्तानांनी भिडू निवडले की तीच चार पोरं दर वेळी शेवटी उरतात, आणि ती का उरतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. चिठ्ठ्या टाका. यादीत फक्त पहिलं नाव, आडनाव नको. शूज सक्तीचे केले की वस्तीतली पोरं दुसऱ्या दिवसापासून दिसत नाहीत. पण हा चेंडू अनवाणी अंगठ्यावर बसला तर डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा चार जोड कॅनव्हासचे बूट सामानाच्या पेटीतच ठेवा, ज्याची पाळी त्याने घालावेत.

दहा वर्षांखालच्यांना हा चेंडू देऊ नका, फार टणक आहे. उरलेला अर्धा तारा याचा. त्यांच्यासाठी रबरी फुटबॉल कॅरीबॅगेत गुंडाळून गाठ मारा, सरपटताना चांगला चुरचुरतो. पिशवी अर्ध्या तासात फाटते, चार जास्तीच्या खिशात ठेवा. फरशीचा मोठा हॉल हाताशी असेल तर गोलबॉलचाही पर्याय आहे, म्हणजे वाजणारा चेंडू घरंगळवत गोल करायचा अंधांचा खेळ. तिथे सगळेच पट्टी बांधतात, रेषेच्या चिकटपट्टीखाली सुतळी असते. पण त्याचा घंटांचा चेंडू सव्वा किलोचा. तो मोठ्या मुलांनाच झेपतो.