पटपोंगच्या वरच्या मजल्यावरची शंभर बाटची बिअर

बँकॉकला निघालेल्यांसाठी लिहितेय. आणि बाई असून लिहितेय, तेही मुद्दाम. बारमधल्या फसवणुकीचा हा किस्सा पुरुष घरी सांगत नाहीत, आणि ते सांगणार नाहीत याच भरवशावर हा धंदा चालतो.

मी, नवरा, धाकटा दीर आणि जाऊबाई, असे आम्ही चौघं. सकाळी सिलोम रस्त्यावरच्या मारिअम्मनच्या देवळात जाऊन आलो होतो, रात्री त्याच रस्त्याने पटपोंगला गेलो. सिलोम आणि सुरावोंग या रस्त्यांमधली ही गल्ली म्हणजे पटपोंगपानिच घराण्याने १९४६ साली घेतलेली खासगी जमीन. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सुट्टीवर येणाऱ्या अमेरिकन सैनिकांमुळे इथले बार फोफावले. आता मधोमध नकली घड्याळं आणि बॅगांचे स्टॉल, तिथे पोरं कडेवर घेऊन घासाघीस करणाऱ्या बायका, आणि दोन्ही बाजूंच्या दारांतून दिसणाऱ्या बिकिनीतल्या मुली. कोणाला कोणाचं काही नाही. एक मुलगी कामाला लागण्याआधी दारातल्या छोट्या देव्हाऱ्याला हात जोडत होती. ते बघून जाऊबाईंचा संकोचच गेला. मला हे शहर आवडलं, अजूनही आवडतं. रात्री अकरा वाजता रस्त्यावरून चालताना आपल्याकडे पाठीवर जी नजर जाणवते, ती तिथे जाणवली नाही.

पण असं वातावरण बघून माणूस धरून चालतो की इथे सगळं कायदेशीरच असणार. तसं नाही. वेश्याव्यवसायाला बंदी घालणारा १९९६ चा कायदा तिथे आहे. साधी ई-सिगारेट जवळ सापडली तरी दंड होतो. बाकी बरंचसं फक्त चालवून घेतलं जातं, आणि फसवणारे नेमके त्याच फटीत बसलेले असतात.

गल्लीत एक माणूस लॅमिनेट केलेलं कार्ड घेऊन मागे लागला. कार्डावर ‘शो’मधल्या प्रकारांची यादी. ते काय असतात हे इथे लिहीत नाही, कळायचं त्यांना कळेल. ‘बघायला फुकट, बिअर शंभर बाट, लेडीज वेलकम.’ अरुंद जिन्याने वर नेलं, बसवलं आणि तो गायब झाला. बिअर आल्या. न बोलावता दोन मुली शेजारी येऊन बसल्या, त्यांच्यासाठीही ग्लास आले. स्टेजवरचा प्रकार कंटाळवाणा होता, करणाऱ्या बायकांचे चेहरे तर त्याहून कंटाळलेले. पंधरा मिनिटांत आम्ही उठलो.

बिल आलं आठ हजार बाटच्या वर, म्हणजे वीस हजार रुपयांच्या पुढे! माणशी प्रवेश, माणशी शो, मुलींचे ड्रिंक्स, आणि शिवाय सर्व्हिस. शंभर बाटचं काय, विचारलं तर काउंटरवरची बाई म्हणाली, ‘तो माणूस आमचा नाही.’ खरी मेख हीच. भाव सांगणारा वेगळा, बिल करणारा वेगळा, आणि जिन्याच्या तोंडाशी दोन दणकट पोरं. दिराने आवाज चढवला तशी ती पुढे सरकली. शेवटी तीन हजारांवर तोडलं, रोख दिले आणि खाली आलो.

खाली आल्यावर जाऊबाईंनी ११५५ लावला. हा टुरिस्ट पोलिसांचा नंबर, इंग्रजीत बोलतात. थोड्या वेळाने एक पोलीस आला आणि आम्हाला घेऊन वर गेला. त्या बाईने वाद न घालता दोन हजार परत दिले, जणू हे तिचं रोजचंच होतं.

जिन्यात दोन तरुण भेटले, बोलण्यावरून आपल्याच मराठवाड्याकडचे. त्यांनी बिलासाठी बँकेचं कार्ड दिलं होतं आणि ते दोनदा ओढलं गेलं होतं. ‘दादा, चला की वर, पोलीस आलेच आहेत,’ म्हटलं तर एक जण म्हणाला, ‘नको ताई, घरी कळंल.’ घरी कळवायला पोलिसांना काय पडलंय? पण ते निघून गेले.

तर अशा ठिकाणी कार्ड बाहेर काढूच नका. ओढलं गेलंच असेल तर बँकेला त्याच रात्री कळवून ब्लॉक करा. दारात भाव सांगणाऱ्याच्या मागे जिना चढू नका. बसायचंच असेल तर सिलोमच्याच ‘सोई ४’ मध्ये (सोई म्हणजे गल्ली) रस्त्यालगत टेबलं मांडलेले बार आहेत. मेन्यू आधी मागा, छापलेला भाव बघा, मग बसा. आम्ही दुसऱ्या रात्री तिथेच बसलो, आणि बिल मेन्यूतल्या भावानेच आलं.