नागिणीवरील उपचार : तालुक्याच्या त्वचारोग दवाखान्याचा अनुभव

माझ्या 67 वर्षांच्या आईच्या पाठीत डावीकडे दोन दिवस नुसतीच आग होत होती. तिसऱ्या दिवशी तेथे साबुदाण्याएवढे पाणीदार फोड उठले आणि त्यांची रांग काखेखालून छातीकडे सरकू लागली. शेजारच्या आजींच्या सांगण्यावरून आम्ही गेरूचा लेप दिला, पण नागिणीची दोन्ही तोंडे जुळली की माणूस दगावतो या धास्तीने आईचा रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने गेरू अलगद पुसला आणि कण्यापासून निघून छातीच्या मधोमध थांबलेली रांग आईला आरशात दाखवली. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचे विषाणू कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षे दडून राहतात, वयानुसार प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या गाठीतून जागे होतात आणि त्याच मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतात. त्या मज्जातंतूची हद्द शरीराच्या मध्यरेषेशी संपत असल्याने फोडही सहसा तेथेच थांबतात, असे त्यांनी समजावले. ‘आजी, तोंडं जुळायची नाहीत, आणि जुळली तरी त्यानं कोणी दगावत नाही,’ हे ऐकल्यावर आई त्या दिवशी पोटभर जेवली.

फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूरोधक औषध सुरू होणे महत्त्वाचे असते आणि आम्ही वेळेत पोहोचलो होतो. ॲसायक्लोव्हिरची 800 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस घ्यायची होती. तिच्या वेळा डॉक्टरांनी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या. दहा दिवसांत खपल्या धरल्या. ठणका मात्र महिनाभर टिकला आणि त्याच्या गोळ्या वेगळ्या घ्याव्या लागल्या.

उपचारांबद्दल मी पूर्ण समाधानी आहे, बाहेरच्या व्यवस्थेबद्दल मुळीच नाही. नागिणीच्या फोडांतील पाण्यामुळे, ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला त्या होऊ शकतात आणि गरोदरपणात ते अधिक धोक्याचे असते. असे असूनही नाव नोंदवताना आम्हाला कोणी काही विचारले नाही, आणि आई सव्वा तास एका गरोदर मुलीला खेटून बाकावर बसली होती. फोड झाकून ठेवा, असे आत गेल्यावर सांगण्यात आले, तेव्हा मी धावत बाहेर येऊन त्या मुलीला गाठले. तिला लहानपणीच कांजिण्या येऊन गेल्या आहेत, हे ऐकेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.