मोठ्या अक्षरातलं मराठी बायबल आणि दुकान, आधीचा रिव्ह्यू मागे घेतोय

इथे आधी माझाच एक स्टारवाला रिव्ह्यू होता, "फसवणूक, आतली पानं गायब" असा, तो मी डिलीट केलाय आणि का केला ते सांगतो.

सासूबाई वसईच्या, कॅथलिक. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना मोठ्या अक्षरातलं पाहिजे होतं म्हणून इथून घेतलं. घरी म्हणाल्या सुसान्नाची गोष्ट वाचून दाखव, दानीएलच्या पुस्तकातला अध्याय १३. मी बघतोय तर दानीएल १२ लाच संपला! मी नगरचा, चर्चला ख्रिसमस ईस्टरपुरता जाणारा, मला वाटलं बाइंडिंगमध्ये पानं गळाली, फोन पण न करता सरळ रिव्ह्यू ठोकला.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या अंकलचाच फोन. आवाज न चढवता म्हणाले, अहो पानं गेली नाहीत, तुम्ही नेलं ते प्रोटेस्टंट बायबल, त्यात ६६ पुस्तकं, कॅथलिकमध्ये ७३ आणि दानीएलचे १४ अध्याय, चूक माझी पण, कोणासाठी नेताय विचारायला पाहिजे होतं. प्लास्टिक फाडलेलं होतं तरी बदलून दिलं, आठ दिवसांत दुसरं मागवलं, वरचे २०० तेवढे घेतले.

आता गंमत बघा, ती गोष्टच खोट्या आरोपाची निघाली. दोन म्हातारे न्यायाधीश सुसान्नावर व्यभिचाराचा आळ घेतात, तिला मरणाची शिक्षा पण होते, मग पोरगेला दानीएल उठतो आणि दोघांना वेगवेगळं उभं करून एकच विचारतो, कोणत्या झाडाखाली बघितलंत? एक म्हणतो मस्तकी, दुसरा म्हणतो ओक. खेळ खल्लास. आपण पोलिसांच्या सिरियलमध्ये बघतो ना अगदी तेच. सासूबाई हसून म्हणाल्या, बायबलमधल्या 'अनुवाद' पुस्तकाचा अध्याय १९ पण वाच. तिथे लिहिलंय की खोट्या साक्षीदाराने दुसऱ्याला जे भोगायला लावायचं ठरवलं तेच त्याला द्यायचं. "म्हणजे एक स्टार आता तुला." काय बोलणार. "खोटी साक्ष देऊ नको" ही दहा आज्ञांमधली आज्ञा शाळेपासून पाठ आहे, ती नववी आज्ञा की आठवी यावर आमच्या घरात अजून वाद आहे (कॅथलिक आठवी मोजतात), पण रिव्ह्यू म्हणजे पण साक्षच हे काही डोक्यात आलं नव्हतं.

बाकी पुस्तकाबद्दल, अक्षर खरंच मोठं आहे, ट्यूबलाइटमध्ये चष्मा न लावता त्या वाचतात. कागद पातळ, मागच्या पानाची शाई दिसते, खुणेची फीत एकच आहे, दोन असत्या तर बरं झालं असतं. घेताना कॅथलिक की प्रोटेस्टंट ते आधी सांगा.

कव्हरची चेन कोपऱ्यावर अडकते, मेणबत्ती घासल्यावर सरकते. ह्या वेळी तीनदा उघडझाप करून बघितली आणि मगच लिहिलंय, अंकलना पण सांगितलंय. पाचातले चार स्टार.