श्रमदानाचा ग्रुप की ग्रामसभा? गावातला वारसा वाचवायचं कुठं शिकावं

खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यातली बरीच पोरं हल्ली विचारतात की गावची वेस, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड), जुनी विहीर वाचवायची आहे, सुरुवात कुठनं करू. रस्ते दोन, रविवारच्या गडसंवर्धन ग्रुपमध्ये जायचं, नाहीतर माहिती अधिकार आणि ग्रामसभा शिकून घ्यायची. मी दोन्ही केलंय, त्यावरनं सांगतो, तुमच्या गावात थोडं वेगळं असू शकेल.

श्रमदानात माणसं मिळतात आणि नजर तयार होते. वीरगळात खाली लढाई, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य, आणि सतीशिळेवर कोपरात वाकलेला बांगड्यांचा हात, हे मी झुडपं काढता काढताच शिकलो. कोरीव दगडाला ऑइलपेंट आणि सिमेंट का लावायचं नाही तेही तिथंच कळलं.

पण एका गोष्टीचा मला फार त्रास झाला. एका गावात गटाराच्या कामाला जेसीबी आला, आम्ही वेशीजवळच्या वीरगळापुढं जाऊन उभारलो, तर साहेबांनी विचारलं, "याची कुठं नोंद आहे काय?" आमच्याकडं फोटो होते, पोरं होती, कागद मात्र एकही नाही. दगड बाजूला ढकलला आणि वरचा कोपरा उडाला. पुढं दुसऱ्या गावात, दुसऱ्या टेबलावर, परत तोच प्रश्न, आणि पावसाळ्यानंतर गवत परत आलेलं.

बेळगाव किल्ल्यातली 1204 सालची कमल बस्ती (जैन मंदिर) किंवा देगावचं कमलनारायण मंदिर केंद्राच्या संरक्षित यादीत आहे, तिथं केंद्राच्या कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनं संरक्षित हद्दीपासून 100 मीटर नवीन बांधकाम बंद आणि त्यापुढच्या 200 मीटरला परवानगी लागते. राज्याचा 1961 चा कायदा वेगळा आहे. पण दोन्ही यादीत नसलेल्या वेशीला, वीरगळाला त्यातलं काही लागू होत नाही, आणि आपल्या गावातलं बहुतेक सगळं यादीबाहेरचंच आहे, म्हणून नोंद आपणच करून घ्यावी लागते.

कागदाचा रस्ता कंटाळवाणा आहे, खोटं कशाला सांगू. आधी जागा कुणाची ते जमिनीच्या उताऱ्यावरनं बघायचं, मग पुरातत्व खात्याला माहिती अधिकारात विचारायचं की ही वस्तू तुमच्या यादीत आहे का. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. कर्नाटकात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लिहायचा असतो, त्यामुळं गावाचा सगळा इतिहास त्यात कोंबू नका. अर्ज कन्नडमध्ये दिला तर टेबलावरनं लवकर हलतो असा माझा अनुभव, शेजारच्या कन्नड दोस्ताला बसवून घ्या, त्यालाही ती वेस आपलीच वाटते.

मग ग्रामसभेत ठराव. आदल्या दिवशी चार म्हाताऱ्या माणसांना आणि महिला संघातल्या बायकांना भेटून ठेवा, सभेत तुम्ही कमी बोला, त्यांना बोलू द्या. ठराव इतिवृत्तात चढला की नाही ते बघून पीडीओंकडनं (पंचायत विकास अधिकारी) शिक्क्याची नक्कल घ्या.

ज्याला आठवड्यातला एकच दिवस मोकळा आहे आणि माणसांत रमायचंय त्यानं श्रमदानात जावं, वाईट काहीच नाही. मला विचाराल तर आधी एक ठराव करून घ्या आणि मग खुरपं उचला, कारण आमच्याकडं एका विहिरीचा ठराव झाल्यावर रस्त्याची आखणी करायला आलेल्यांनी नक्कल वाचली आणि चुन्याची रेघ पलीकडनं मारली.