समुद्राला पैकीच्या पैकी, फुटवॉलला शून्य: काणकोणातल्या भाड्याच्या घराचे तीन महिने

भोगीच्या दिवशी, १३ जानेवारीला, सकाळी आठ वाजता हेडबाईंच्या डोक्यात शिकेकाई होती आणि नळात नुसती हवा. या घराबद्दल लिहायचं मी तेव्हाच ठरवलं. त्याच तावात लिहिलं असतं तर ‘येऊ नका’ या दोन शब्दांत काम झालं असतं. पण आधी विहिरीवरून आठ बादल्या शेंदाव्या लागल्या, त्यात निम्मा राग उतरला.

जाहिरात पाहिलेल्यांना घर माहीत असेलच. दक्षिण गोव्यातल्या काणकोणात, पाटणे किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटं, दोन खोल्या, पुढे बाल्कांव (बसायची सोय असलेला ओटा), मागे विहीर, वर ५०० लिटरची टाकी. महिना ३६,००० रुपये, म्हणजे माणशी ९,०००. आम्ही चौघी नाशिकच्या, साठीच्या अल्याडपल्याड. एकीला दमा, एकीचे गुडघे, हेडबाई मुख्याध्यापिका होत्या (अजूनही आहेत), आणि मी बँकेतून निवृत्त, म्हणून हिशेब माझ्याकडे. ४ डिसेंबरला आलो, २८ फेब्रुवारीला निघालो.

नाशिकची थंडी चुकवून समुद्राची हवा खायला आलो होतो, ती मिळाली का? मिळाली. दमेकरी मैत्रिणीचा पंप डिसेंबरअखेरपासून पर्सच्या तळाशी गेला. गुडघेवाली पहिल्या आठवड्यात वाळूवर पाऊल टाकायला घाबरत होती. जानेवारीत ती ओल्या, टणक वाळूवरून किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होती. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, पाणी सपाट असतं, तेव्हाच डुंबून घ्यायचं. दुपारी वारा फिरला की लाटा उठतात. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधेच राहायचं, एवढं जीवरक्षकांचं ऐकलं की झालं. आमचा आवडता उद्योग वेगळाच होता. रोज सकाळी मोबाइलवर निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा बघायचा. तिकडे आकडा एक अंकी झाला, बागायतदारांनी द्राक्षबागेत शेकोट्या पेटवल्या, अशी बातमी आली की इथे पंखा एक आकडा वाढवायचा. आणि त्याच वेळी दारात सायकलवर भोंपू वाजवत आलेला पोदेर, म्हणजे पाववाला, कानटोपी घालून! वीस अंशांत त्याला थंडी वाजत होती. हेडबाईंनी त्याला नाशिकची थंडी समजावून सांगायचा प्रयत्न केला, त्याने उंडे (गोल पाव) मोजून दिले आणि गेला.

आता मोटर.

विहिरीच्या काठावर अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आहे. तिचा पाइप खाली पाण्यात, आणि पाइपच्या टोकाला फुटवॉल. फुटवॉल म्हणजे एकाच बाजूने उघडणारं दार. पाणी वर जाऊ देतं, परत खाली येऊ देत नाही, त्यामुळे मोटर बंद असतानाही पाइप भरलेला राहतो. ते दार नीट बसलं नाही की रात्रभरात पाणी विहिरीत उतरतं, पाइपात हवा भरते आणि सकाळी बटण दाबलं की मोटर फिरते छान, पण पाणी उचलत नाही. मग वरचं बूच उघडून मगाने तिला पाणी पाजायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. आमची मोटर कधी सात मग प्यायची, कधी अकरा. तशीच कोरडी फिरवत ठेवली तर आतलं सील जळतं, म्हणून बटणापाशी एकीने उभं राहायचं आणि टाकीत धार पडल्याचा आवाज आला की दुसरीने ओरडायचं. सुट्टीला आलेल्या चार बायकांची पाळी लावली होती मी, वहीत!

मालक मडगावला असतात. फोनवर माणूस अतिशय गोड. डिसेंबरात म्हणाले, व्होल्टेज कमी असेल. ख्रिसमसच्या आठवड्यात म्हणाले, मावशी, कंडेन्सर गेला असेल. अहो, कंडेन्सर मोटरला पहिला धक्का देतो; तो गेला तर मोटर नुसती हुंकार भरते, फिरत नाही. आमची गरगर फिरत होती. तीस वर्षं कर्जाच्या फायली वाचलेल्या बाईला कंडेन्सर विकू नये. तरी त्यांनी माणूस पाठवला, त्याने कंडेन्सर बदलला आणि दोन दिवस पाणी आलंही. म्हणजे मालकांचं खरं ठरलं! तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नंतर लक्षात आलं की त्या माणसाने जाताना मोटरला पोटभर पाणी पाजलं होतं, आणि दोन दिवस ते दार कसंबसं नीट बसलं असावं.

भोगीला कळस झाला. शेजारच्या काकी (आमच्याशी मराठी, घरात कोंकणी) आमची बादल्यांची रांग बघून आल्या आणि त्यांनीच चावडीवरून, म्हणजे काणकोणच्या बाजारातून, एक प्लंबर बोलावला. मला वाटलं, ‘फाल्यां’ (उद्या) म्हणेल. तासाभरात आला. पाइप वर ओढला, फुटवॉल उलटा करून माझ्या हातावर आपटला. दाराच्या फटीत नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या सालीचा, करंगळीच्या नखाएवढा पुंजका. बस्स, एवढंच. विहिरीवर दोन माड आहेत, विहिरीला झाकण नाही, जे पडेल ते आत. तो म्हणाला, “बाय, बांय धांपूंक जाय.” बाई, विहीर झाकायला हवी. बाय आणि बांय यांतला फरक हेडबाईंना इतका आवडला की शिकेकाई विसरून त्या दिवसभर तेच म्हणत होत्या.

दाराचं रबरही कडक झालं होतं, म्हणून नवा फुटवॉल बसवला. सामान ३५०, मजुरी ४००. मालकांना पावतीचा फोटो पाठवला. उत्तर आलं: वापरामुळे खराब झालं तर भाडेकरूंकडे. विहिरीत नारळाची सोडणं आम्ही वापरत नाही, असं मी कळवलं. त्यावर हात जोडल्याचं चित्र आलं. ७५० रुपये आले नाहीत.

संक्रांतीला काकींना तिळगूळ दिला, त्यांनी अळसांदे (गोव्याची चवळी) आणि आमसुलं दिली. त्या दिवशी मी या घराला पाचपैकी दोन देऊन लेख अर्धा लिहून ठेवला होता.

फेब्रुवारीअखेरची भर: तो दोनाचा आकडा मागे घेते. नव्या फुटवॉलनंतर मोटरने एकदाही हवा धरली नाही. मात्र विहिरीचं पाणी उतरतंय. आल्या दिवशी पाण्याच्या वर चिऱ्यांचे सहा थर दिसत होते, परवा मोजले तर दहा. असली मोटर वरून साधारण पंचवीस फुटांपर्यंतच पाणी खेचते, तेव्हा मार्च-एप्रिलात घर घेणाऱ्यांनी आधी विहिरीत डोकावावं, मग बाल्कांवावर बसून फोटो काढावेत.

बाकीचं भराभर. नाशिकरोडवरून मंगला एक्सप्रेस थेट मडगावला येते. पुढे टॅक्सीवाल्याने जो भाव सांगितला त्यात आमचा आठवड्याचा बाजार झाला असता. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसने करमल घाटातून आलो, पिशव्या मांडीवर. ओला-उबर इथे नाहीत. भाड्याची स्कूटर घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची घेऊन पोलिसांच्या तोंडी जाऊ नका. ख्रिसमस ते १ जानेवारी रात्री झोप विसरा. गाद्या ठीक. खाऱ्या हवेने मागच्या दाराची कडी गंजली आहे, खोबरेल लावलं की सरकते.

गालजीबागच्या किनाऱ्यावर मात्र जरूर जा. ऑलिव्ह रिडले कासवं तिथे अंडी घालतात आणि वनखातं त्या जागेला कुंपण घालून राखण करतं. पिल्लं बाहेर यायला दीडेक महिना तर लागतोच. आम्हाला कुंपणातली वाळू तेवढी दिसली. तरी गुडघेवाली तिथे अर्धा तास उभी होती आणि कोणीही बसायला चल म्हणालं नाही.

पुढच्या डिसेंबरसाठी हेच घर ठरवलंय. मालकांनी ५,००० आगाऊ मागितले. मी ४,२५० पाठवले, सोबत पावतीचा तोच फोटो आणि विहिरीवर टाकायच्या जाळीचं माप. अजून हात जोडल्याचं चित्र आलेलं नाही.